अर्ध्या आण्याचे तिकीट आणि आजचे परदेशी टपाल

टपालाचे तिकीट ही वस्तू केवढीशी, तर बोटाच्या पेराएवढी. तथापि तिच्या पाठीशी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि त्यात राजेराण्यांइतकाच तुमच्या-आमच्या घरांचाही वाटा आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या माळ्यावर एखादी जुनी वही असेल. मुलांनी शाळेत असताना तीत देशोदेशीची तिकिटे चिकटवलेली असतील. शेजारी एखाद्या पत्र्याच्या पेटीत सासूबाईंच्या वेळची पत्रे दोऱ्याने बांधून ठेवलेली असतील. दिवाळीच्या झाडलोटीत ही दोन्ही खाली येतात, आणि “आता याचा काय उपयोग?” असे म्हणून पुष्कळदा रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्यांचा उपयोग आज पूर्वीपेक्षा अधिक का आहे, हे आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेतून भगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तिकीट नव्हते तेव्हाची स्थिती आधी ध्यानात घेतली पाहिजे. कंपनी सरकारच्या अमदानीत पत्राचे हशील अंतरावर ठरत असे. १८३७ च्या कायद्याप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायचे तर एक रुपया पडे. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांची कमाई. तेव्हा पत्र लिहिणे हे सरकारचे, सावकाराचे आणि पेढीवाल्याचे काम होते. लेकीने माहेरी खुशाली कळवायची ती येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या तोंडी निरोप देऊन.

इंग्लंडात रोलंड हिल या गृहस्थाने याच सुमारास एक साधा विचार मांडला. पत्र पोचविण्याचा खरा खर्च अंतराचा नसून, जागोजागी हिशेब ठेवण्याचा आणि पैसे वसूल करण्याचा आहे. मग सर्वांना एकच स्वस्त दर लावावा, आणि तो पाठवणाऱ्याने आधीच भरावा. पैसे भरल्याची खूण म्हणून पत्राला कागदाचा एक तुकडा चिकटवावा. मे १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचे एक पेनीचे काळे तिकीट निघाले, ते जगातले पहिले चिकटवायचे तिकीट. आपल्याकडे सिंध प्रांतात, जो तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे, सर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याची गोल तिकिटे सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली, आणि हलक्या पत्राला अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर ठरला. कुठे एक रुपया आणि कुठे अर्धा आणा!

या अर्ध्या आण्याने जे केले, त्याच्यापुढचे पाऊल एका पैशाच्या कार्डाने टाकले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोष्टकार्ड सुरू झाले, आणि पत्र खऱ्या अर्थाने गरिबाच्या दारी आले. स्वतःला लिहिता येत नसे ती बाई पोष्टमनकडून किंवा शेजारच्या शाळकरी मुलाकडून चार ओळी लिहवून घेई. स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची नावे आपण घेतो, ते योग्यच आहे; परंतु लिहावे, वाचावे अशी ओढ ज्यामुळे लागली, त्यात या कार्डाची गणना केली नाही तर तो इतिहास अपुरा राहील.

तिकिटे जमविण्याचा छंदही स्वस्त टपालाच्या पोटी जन्मला. तिकीट निघाल्याला पुरते दोन वर्षे झाली नव्हती, तोच १८४१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात एका तरुणीची जाहिरात आली. आपल्या खोलीच्या भिंती वापरलेल्या तिकिटांनी मढवायच्या आहेत, सोळा हजार जमली आहेत, आणखी कोणाकडे असल्यास पाठवावीत, अशा मतलबाची ती होती. या छंदाची पहिली नोंद एका बाईच्या खाती आहे, ही आपल्याला कौतुकाची गोष्ट वाटावी. हिंदुस्थानात संग्राहकांची ‘फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १८९७ मध्ये निघाली, म्हणजे छंद आपल्याकडेही चांगलाच रुजला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वऱ्हाड हे १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. मालकी नावाला निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र मांडणी पुढे कित्येक वर्षे चालली. त्यामुळे यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद या आपल्या गावांच्या पत्रांवर राणीच्या चेहऱ्याची तिकिटे लागत. आपल्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे निजामाचे राज्य, आणि तेथे निजामाचे स्वतःचे टपाल! १८६९ पासून हैदराबाद संस्थानाची तिकिटे निराळी छापली जात. त्यांतल्या कित्येकांवर इंग्रजी, उर्दू, तेलुगू यांच्या जोडीला मराठीतही किंमत लिहिलेली असे. ही तिकिटे संस्थानातच चालत. बाहेर जाणाऱ्या पत्राला इंग्रजी टपालाचे तिकीट लागे. पुसद-उमरखेडकडून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारी आपली आजी-पणजी नदी ओलांडून गेली, की भाषा तीच, देवी तीच, नातीगोती तीच, पण टपाल मात्र परके! देशी संस्थानांची टपालखाती १ एप्रिल १९५० रोजी भारतीय टपालात विलीन झाली, तेव्हा हा भेद संपला. पैनगंगेच्या दोन्ही काठच्या जुन्या घरांत असे एखादे पाकीट आजही निघू शकेल. ते निघाले, तर तो आपल्या जिल्ह्याचा दस्तऐवज समजावा.

दुसरी गोष्ट गावाच्या नावाची. आपला जिल्हा १९०५ पर्यंत इंग्रजी कागदांत ‘वूण’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई. नंतर त्याला यवतमाळचे नाव मिळाले. इंग्रजीत तेही ‘येओटमाल’ असे वाचावे लागेल अशा रीतीने लिहीत. पाकिटावरच्या पोष्टाच्या शिक्क्यात गावाचे नाव आणि तारीख दोन्ही असतात. कोणत्या साली गाव कोणत्या नावाने ओळखले जाई आणि पत्र कोणत्या वाटेने आले, हे तो वाटोळा शिक्का बिनबोभाट सांगतो. तिकीट फाडून वहीत चिकटवले, की निम्मा शिक्का आणि सगळा पत्ता कचऱ्यात जातो.

परदेशी टपालही आपल्याला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत नॅरोगेज रेल्वे आली, ती मुख्यतः कापसासाठी. आपल्या काळ्या मातीतला कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांकडे जात असे, आणि त्या व्यापाराच्या मागे पत्रांची ये-जा असे. पुढे १९५३ ते १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था यवतमाळात होती. तेथे बाहेरदेशीचे अध्यापक असल्याने परदेशी पाकिटे आपल्या पोष्टात येणे स्वाभाविक होते. नंतरच्या काळात मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी गेली, आणि निळ्या-तांबड्या काठाची हवाई पाकिटे पुष्कळ घरांत येऊ लागली.

एका देशाचे पत्र दुसऱ्या देशात कसे पोचते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १८७४ पूर्वी प्रत्येक देशाशी निराळा करार असे आणि वाटेतला प्रत्येक देश आपला वाटा मागे. त्या वर्षी ९ ऑक्टोबर रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी एक करार केला, आणि त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. कराराचे मूळ तत्त्व आपल्या हळदीकुंकवासारखे होते. आज मी तुझ्या घरी वाण घेते, उद्या तू माझ्या घरी घेशील. दोघीही हिशेब ठेवत नाही. प्रत्येक पत्राला बहुधा उत्तर येतेच. म्हणून ज्या देशात पत्र पडले त्याने तिकिटाचे पैसे ठेवावेत आणि ज्या देशात पोचले त्याने ते फुकट वाटावे, असे ठरले. त्यामुळे दर उतरले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून संघाच्या कोणत्याही देशाला अडीच आण्यांत पत्र जाई. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक मुलुखांना तर १८९८ च्या नाताळापासून एका आण्यात जाऊ लागले. १९०६ च्या रोम येथील बैठकीत उत्तरासाठी आंतरराष्ट्रीय कूपन काढण्याचे ठरले. परदेशी मित्राला आपल्या पत्रासोबत ते कूपन पाठवायचे, म्हणजे उत्तराचे तिकीट त्याला आपल्या पोष्टात फुकट मिळे. पत्रमैत्रीचा छंद अशा सोयींवर वाढला, आणि त्या मैत्रीतूनच खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या वहीत जपान, हंगेरी, ब्राझील अशा देशांची तिकिटे येऊन बसली.

आपले राष्ट्र स्वतंत्र झाले तेव्हाही पहिला मान परदेशी टपालाला मिळाला. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर तिरंगा आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे होती. किंमत साडेतीन आणे, म्हणजे परदेशी पत्राचे हशील. आपला झेंडा प्रथम जगाच्या दारी जावा, हा त्यातला भाव सहज कळण्याजोगा आहे.

मग हे सगळे महाग का झाले? वाणाचा हिशेब चुकू लागला, हे पहिले कारण. काही देशांतून येणारे टपाल फार आणि तिकडे जाणारे थोडे, असे होऊ लागले. ज्याच्या घरी शंभर बायका याव्यात आणि त्याने दहाच घरी जावे, त्याची कुरकूर होणारच. म्हणून १९६९ च्या टोकियो येथील बैठकीत पोचवणावळ ठरविण्यात आली आणि ती १९७१ पासून लागू झाली. ज्याचे टपाल जास्त, त्याने दुसऱ्याला वजनावर पैसे द्यावेत, असा तो नियम. पुढे दूरदेशीच्या दुकानांतून लहान पुड्यांतून माल येऊ लागला. तो पुडा वाटण्यात आपल्याला तोटा होतो, असे म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथे तडजोड झाली. ज्या देशांत बाहेरून फार टपाल येते, त्यांना लहान पुड्यांची पोचवणावळ स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. अमेरिकेने तिचा वापर जुलै २०२० पासून सुरू केला. परिणामी पाठवणाऱ्याच्या खिशावर भार आला.

दुसरे कारण आपल्या सर्वांच्या हातातले आहे. फोन आणि संगणक आल्यावर पत्रे कमी झाली. पोष्टमन मात्र गल्लोगल्ली फिरतोच. पत्रे थोडी आणि फेरी तीच, म्हणजे एका पत्राचा खर्च वाढतो. इंग्लंडात पहिल्या वर्गाच्या साध्या पत्राचे तिकीट २०२० मध्ये ७६ पेन्सला मिळे. एप्रिल २०२५ मध्ये ते १ पौंड ७० पेन्स झाले. अमेरिकेतून परदेशी पत्राला जानेवारी २०१३ मध्ये १ डॉलर १० सेंट पडत. जुलै २०२५ मध्ये १ डॉलर ७० सेंट झाले. डेन्मार्कमध्ये तर १६२४ पासून चालत आलेली टपाल खात्याची पत्रवाटपाची सेवा २०२५ च्या अखेरीस बंदच झाली आणि ते काम खासगी कंपनीकडे गेले. अमेरिकेने मालावरच्या जकातीचे नियम बदलले, तेव्हा भारतीय टपाल खात्यालाही ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिकडचे टपाल थांबवावे लागले. ते १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाले.

संग्राहकाला याची झळ कशी लागते, तेही पाहू. पूर्वी दोन देशांतली मुले आपल्याकडची जास्तीची तिकिटे पाकिटात घालून अदलाबदल करीत. आता पुष्कळदा आतल्या तिकिटांच्या किमतीपेक्षा बाहेर लावायच्या तिकिटांची किंमत अधिक होते. शिवाय तिकिटे भरलेले पाकीट पत्र न समजता माल समजण्याकडे अनेक देशांच्या टपालखात्यांचा कल आहे, आणि मग जकातीचा कागद भरावा लागतो. श्रीमंत संग्राहक लिलावातून घेतो, त्याचे अडत नाही. अडते ते आठवीतल्या मुलाचे आणि त्याला दोन रुपये देणाऱ्या आजीचे. रोलंड हिलने आणि अर्ध्या आण्याने ज्यांना जग उघडे करून दिले, त्यांच्याच तोंडावर दार हळूहळू लागत आहे. या प्रश्नातली खरी खंत ही आहे.

यावर रडत बसण्यात अर्थ नाही. परदेशी तिकिटांची वाट अरुंद झाली, तरी घरची वाट मोकळी आहे. आपल्या सरकारने देशांतर्गत पोष्टकार्ड अनेक वर्षे पन्नास पैशांवर ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे. आणि आपल्या तिकिटांत स्त्रियांचा केवढा इतिहास दडला आहे! १८५४ च्या तिकिटांवर बाईचाच चेहरा होता, परंतु तो विलायतेच्या राणीचा. भोपाळ संस्थानाच्या १८७२ च्या तिकिटांवर मात्र नवाब शाहजहान बेगम यांचे नाव होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारत सरकारच्या तिकिटावर भारतीय स्त्रीचे चित्र यायला १८५४ पासून ९८ वर्षे जावी लागली. १ ऑक्टोबर १९५२ रोजी संतकवींच्या मालेत मीराबाईंचे दोन आण्यांचे तिकीट निघाले. १९५७ मध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई आली. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे यांना शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी त्यांचे तिकीट निघाले. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय, आणि हा मान स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणाऱ्याला मिळाला! १९६२ मध्ये रमाबाई रानडे आल्या. पुण्याच्या सेवासदनाची त्यांची कामगिरी ठाऊक नाही अशी महिला मंडळाची कार्यकर्ती विरळाच. पुढे १९८९ मध्ये पंडिता रमाबाई, १९९६ मध्ये अहल्याबाई होळकर, १९९८ मध्ये सावित्रीबाई फुले, १९९९ मध्ये जिजामाता. एवढी तिकिटे एका पानावर लावली, तर शाळेतल्या मुलीला इतिहासाचा एक धडा विनासायास मिळतो. त्यासाठी परदेशी हशील एक पैसाही पडत नाही. शिवाय १९२६ पासून आपली तिकिटे आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकच्या छापखान्यात छापली जाऊ लागली, हेही मुलांना सांगावे.

आता चार व्यवहाराच्या सूचना. पहिली, जुने पाकीट वा कार्ड हाती आले तर त्यावरचे तिकीट काढू नये. पाकीट सबंध ठेवावे. दुसरी, नव्या साध्या पाकिटावरचे तिकीट काढायचेच असेल, तर भोवतालचा कागद ठेवून कापावे, साध्या पाण्यात भिजत घालावे, आपोआप सुटू द्यावे आणि टिपकागदावर पालथे वाळवावे. ओढून काढल्यास पाठीचा पापुद्रा जातो. तिसरी, वहीत खळ किंवा चिकटपट्टी लावू नये, कारण कालांतराने तिचा पिवळा डाग तिकिटावर उमटतो. चौथी, पेटीतली पत्रे खासगी असतात. मजकूर ज्यांचा, त्यांच्या वारसांना विचारावे. नको म्हटले तर पत्र त्यांच्याकडे ठेवून नुसते पाकीट जपावे.

शाळेतल्या मुलांसाठी टपाल खात्याने २०१७ मध्ये ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती सुरू केली. सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक विद्यार्थ्यांना वर्षाला ६००० रुपये, अशी तिची योजना आहे. आपल्या पोष्टात चौकशी केल्यास चालू वर्षाचे नियम कळतील. नवी तिकिटे नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयातील संग्राहकांच्या विभागातून मिळविता येतात.

मंडळाने यंदा एक दुपार या कामासाठी राखावी, अशी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक भगिनीने घरातले एक जुने पाकीट घेऊन यावे. त्यावरचे गाव, तारीख आणि तिकीट एका वहीत नोंदवावे, आणि पाकीट ज्याचे त्याच्या घरी परत न्यावे. खर्च काही नाही. पाच-पन्नास नोंदी झाल्या, तरी यवतमाळ जिल्ह्यात कोण कोणाला केव्हा लिहीत होते, लेकी कोणत्या गावांना दिल्या होत्या, मुले कोणत्या देशांना गेली होती, याची एक ओळखवही तयार होईल. अशी वही कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. ती आपल्याच पेट्यांत विखुरलेली आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईआधी पेटी उघडून पाहावी, एवढीच सर्व भगिनींना विनंती.